डूम आज कसा खेळावा आणि त्यात स्वतःचा नकाशा कसा घडवावा

टेक्सासमधील मेस्किट या गावात काम करणाऱ्या इड सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा संगणक खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. खेळाचा पहिला भाग, म्हणजे नऊ नकाशे, फुकट होता. तो हवा तितक्या जणांना वाटण्याची मुभा होती, आणि पुढचे दोन भाग पैसे भरून मागवायचे होते. नायकाच्या डोळ्यांतून जग दाखवणारे नेमबाजीचे खेळ त्याआधीही होते, याच कंपनीचा ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ दीड वर्ष आधी आला होता. तरी जिने, उंच-सखल जमिनी, तिरक्या भिंती आणि अंधार-उजेडाचा खेळ असलेले सलग जग साध्या घरगुती संगणकावर इतक्या वेगाने धावताना लोकांनी डूममध्येच प्रथम पाहिले.

आमच्याकडे हा खेळ काही वर्षांनी, संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीवरून आला. ठाण्यातल्या एका संगणक क्लासमध्ये शिकवणी संपल्यावर मिळणाऱ्या पंधरा मिनिटांत मी तो पहिल्यांदा खेळलो. तेव्हा तो केवळ एक खेळ वाटला होता. आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही त्यासाठी दर आठवड्याला नवे नकाशे तयार होतात, आणि त्याचे कारण समजून घेतले तर तो आजच्या संगणकावर नीट बसवणेही सोपे जाते. म्हणून सुरुवात त्या कारणापासूनच करतो.

इंजिन वेगळे, वॅड वेगळी

डूम दोन स्वतंत्र भागांत विभागलेला आहे. एक भाग म्हणजे इंजिन: चित्र रंगवणारा, आवाज वाजवणारा, राक्षसांना हलवणारा प्रोग्रॅम. दुसरा भाग म्हणजे वॅड नावाची एकच मोठी फाइल, जिच्यात नकाशे, भिंतींची चित्रे, राक्षसांची चित्रे, आवाज आणि संगीत हे सारे भरलेले असते. इंजिनाचा मुख्य कर्ता जॉन कारमॅक याने ही विभागणी जाणीवपूर्वक केली होती, कारण वुल्फेनस्टाइनच्या वेळी लोक खटपटी करून खेळाच्या फाइली बदलत असल्याचे त्याने पाहिले होते, आणि पुढच्या खेळात त्यांना ते सुखाने करता यावे अशी त्याची इच्छा होती. वॅडची रचनाही सरळ आहे. आरंभी बारा बाइटांचा मथळा असतो आणि त्यातली पहिली चार अक्षरे सांगतात की ही मूळ खेळाची वॅड आहे की तिच्यावर चढवायची जोडवॅड. नंतर खुद्द सामग्री आणि शेवटी प्रत्येक वस्तूचे नाव, आकार व जागा सांगणारी सूची येते. १९९४ सालीच चाहत्यांनी ही रचना उलगडून नकाशे बनवण्याची साधने तयार केली.

दुसरा निर्णय चार वर्षांनी झाला. २३ डिसेंबर १९९७ रोजी इंजिनाचा सोर्स कोड जाहीर करण्यात आला आणि १९९९ साली तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला गेला. आवाजाचा भाग दुसऱ्या कंपनीकडून परवान्यावर घेतलेला असल्यामुळे डॉस या त्या काळच्या संगणकप्रणालीवरची आवृत्ती देता आली नाही, लिनक्सची दिली गेली. पण तेवढे पुरेसे होते. त्या कोडवरून इतरांनी लिहिलेल्या इंजिनांना सोर्स पोर्ट म्हणतात, आणि आज डूम खेळणे म्हणजे मूळ वॅड एखाद्या सोर्स पोर्टवर चालवणे. वॅडमधली सामग्री मात्र आजही कंपनीच्या मालकीची आहे आणि ती विकतच घ्यावी लागते. हा भेद न समजल्यामुळे अनेक जण सोर्स पोर्ट उतरवून घेतात, तो वॅड मागतो आणि ते गोंधळून सोडून देतात.

वॅड कोठून मिळवावी

पहिल्यांदाच खेळणाऱ्याने पैसे खर्च करण्याची घाई करू नये. फुकट वाटलेली पहिल्या भागाची वॅड आजही कायदेशीरपणे उतरवून घेता येते. तिचा आकार जेमतेम चार एमबी आहे. दुसरा फुकट मार्ग म्हणजे ‘फ्रीडूम’ हा प्रकल्प. त्यातील स्वयंसेवकांनी इंजिनाला लागणारी सर्व चित्रे, आवाज आणि नकाशे नव्याने तयार करून मुक्त परवान्याखाली दिले आहेत. राक्षस वेगळे दिसतात, पण त्यांच्या चाली मूळच्याच आहेत, त्यामुळे इतरांनी बनवलेल्या बहुतेक जोडवॅडी फ्रीडूमवर चालतात. चित्रांच्या बाबतीत तो मूळ खेळाची बरोबरी करत नाही असे माझे मत आहे. तरी शाळेच्या संगणक कक्षात किंवा एक पैसाही खर्च न करता नकाशे बनवायला शिकू इच्छिणाऱ्याला याहून चांगली सोय नाही.

खेळ आवडला, की स्टीम किंवा जीओजी या खेळांच्या ऑनलाइन दुकानांवरून ‘डूम + डूम २’ हा संच विकत घ्यावा. तो ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या रूपात आला आणि त्यात मूळ डूम, १९९४ चा डूम २ आणि १९९६ च्या ‘फायनल डूम’चे दोन्ही भाग आहेत. संच बसवल्यावर त्याच्या फोल्डरमध्ये शोध घेऊन डूम आणि डूम २ या नावांच्या वॅड फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवाव्यात. येथे एक बारकाई पाळावी. वेगवेगळ्या पुनर्प्रकाशनांत वॅडमध्ये किरकोळ बदल झालेले आहेत; २०१२ च्या एका आवृत्तीत तर औषधांच्या पेट्यांवरचा लाल क्रॉस काढून टाकला आहे. मूळ १.९ आवृत्तीची खूण म्हणजे फाइलचा आकार: मूळ तीन भागांना चौथा जोडून निघालेल्या ‘अल्टिमेट डूम’ची वॅड १,२४,०८,२९२ बाइटांची असते आणि डूम २ ची १,४६,०४,५८४ बाइटांची. फाइलवर उजवे बटण दाबून हा आकडा ताडून पाहायला दहा सेकंद लागतात, आणि पुढे नकाशे विचित्र वागू लागले तर कारण शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.

सोर्स पोर्टची निवड

सगळ्यांत उत्तम सोर्स पोर्ट कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आपल्याला काय अनुभवायचे आहे यावर ते ठरते.

१९९३ सालचा खेळ जसा होता तसाच पाहायचा असेल, तर चॉकलेट डूम घ्यावा. सायमन हॉवर्ड याने २००५ मध्ये सुरू केलेल्या या पोर्टचे ध्येयच मुळी मूळ डॉस प्रोग्रॅमप्रमाणे हुबेहूब वागणे हे आहे. ३२० बाय २०० ठिपक्यांचे चित्र, सेकंदाला ३५ टप्पे, मूळच्या चुका, मूळच्या मर्यादा, सारे जसेच्या तसे. एका दृश्यात फार गुंतागुंत झाली की मूळ खेळ बंद पडत असे. तेथे हाही बंद पडतो. हा दोष नव्हे. संग्रहालयातील वस्तूला नवा रंग फासत नाहीत, त्यातलाच हा विचार आहे, आणि असा एक तरी पोर्ट असणे मला फार मोलाचे वाटते, कारण बाकीच्या पोर्टांनी नेमके काय बदलले हे त्याच्याशी ताडून पाहता येते.

रोजच्या खेळासाठी मात्र मी क्रिस्पी डूम किंवा वूफ सुचवेन. क्रिस्पी हा चॉकलेटवरच आधारलेला आहे, पण चित्र दुप्पट बारीक दिसते, हालचाल सलग होते आणि जुन्या मर्यादा काढलेल्या आहेत. राक्षसांचे वागणे, गोळीचा पल्ला, उडत्या आगीचा वेग यांना त्याने हात लावलेला नाही. वूफची जातकुळी निराळी आहे. १९९८ मध्ये निघालेल्या बूम या पोर्टची आणि त्याच्या वारसांची परंपरा तो चालवतो, त्यामुळे गेल्या पंचवीस वर्षांतील नकाशांचा फार मोठा वाटा त्यावर चालतो.

वेगाच्या स्पर्धा आणि हजारो राक्षसांचे अवाढव्य नकाशे यांत रस असणाऱ्यांनी डीएसडीए-डूम घ्यावा. त्यात ‘कॉम्प्लेव्हल’ नावाचा एक आकडा द्यावा लागतो आणि त्यावरून इंजिन कोणत्या जुन्या आवृत्तीप्रमाणे वागायचे ते ठरवते: डूम २ साठी २, अल्टिमेट डूमसाठी ३, फायनल डूमसाठी ४, बूमसाठी ९ आणि अलीकडच्या एमबीएफ२१ या नियमसंचासाठी २१. हा आकडा नकाशाच्या माहितीत दिलेला असतो. तो चुकीचा दिला तर एखादा दरवाजा उघडतच नाही, लिफ्ट अडकून बसते आणि खेळणारा नकाशाकर्त्याला दोष देत राहतो.

राहिला जीझेडडूम. हा सर्वांत समर्थ आणि मूळ खेळापासून सर्वांत दूर गेलेला पोर्ट आहे. वर-खाली पाहणे, रंगीत दिवे, एकावर एक मजले, नवी शस्त्रे, स्वतंत्र पटकथा, हे सारे त्यात शक्य आहे. ‘सेलाको’ आणि ‘हेडॉन’ हे पूर्ण स्वतंत्र, विक्रीसाठी असलेले खेळ त्याच्यावर उभे आहेत. २०२५ मध्ये त्यातून यूझेडडूम ही शाखा निघाली आणि नव्या नकाशांच्या माहितीत आता तिचेही नाव दिसू लागले आहे. मात्र नवख्या माणसाने मूळ नकाशे जीझेडडूमवर खेळून डूमविषयी मत बनवू नये. उडी मारण्याची मुभा आणि माउसने वर नेम धरण्याची सोय यांमुळे मूळ नकाशांतली कोडी सुटण्याऐवजी ओलांडली जातात.

बसवणे

प्रत्यक्ष बसवण्याचे काम अगदी थोडे आहे. ‘डूम’ नावाचा एक फोल्डर करावा. त्यात प्रत्येक पोर्टसाठी एक, मूळ वॅडींसाठी एक आणि जोडवॅडींसाठी एक असे उपफोल्डर करावेत. सोर्स पोर्ट त्याच्या अधिकृत पानावरूनच उतरवावा, झिप फाइल आपल्या फोल्डरमध्ये उलगडावी आणि मूळ वॅडची एक प्रत पोर्टच्या प्रोग्रॅमशेजारी ठेवावी. प्रोग्रॅमवर दोनदा टिचकी मारली की खेळ सुरू होतो. जोडवॅड चालवण्यासाठी विंडोजवर ती माउसने उचलून पोर्टच्या प्रोग्रॅमवर सोडली तरी पुरते. लिनक्सच्या डेबियन घराण्यात चॉकलेट डूम, क्रिस्पी डूम आणि फ्रीडूम हे तिन्ही अधिकृत भांडारातच मिळतात.

नवे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. माळ्यावर टाकलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही जीझेडडूम सोडून बाकी सर्व पोर्ट विनासायास चालवतो.

चित्र, माउस आणि आवाज

खेळ सुरू झाल्याबरोबर लोक खेळू लागतात आणि तीन गोष्टी चुकीच्या राहून जातात.

पहिली गोष्ट चित्राच्या प्रमाणाची. डूमचे चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे असले तरी ते त्या काळच्या ४:३ पडद्यावर ताणून दाखवले जाई, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच दिसे. चित्रकारांनी सारी चित्रे हे गृहीत धरूनच काढली होती. प्रमाण दुरुस्तीची सोय बंद असेल तर राक्षस बुटके आणि पसरट दिसतात, खोल्या दडपल्यासारख्या वाटतात. त्यामुळे ती सोय चालू आहे ना हे आधी पाहावे. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर त्या येऊ द्याव्यात, किंवा क्रिस्पी आणि वूफमधील रुंद पडद्याची सोय वापरावी, जी चित्र न ताणता बाजूचे अधिक जग दाखवते.

दुसरी गोष्ट माउसची. मूळ खेळात माउस पुढे सरकवला की नायक पुढे चालू लागे. आज आपला हात माउस वर-खाली सहज हलवतो आणि नायक कड्यावरून खाली पडतो. चॉकलेट डूमबरोबर येणाऱ्या वेगळ्या सेटअप प्रोग्रॅममध्ये माउसची ही उभी हालचाल बंद करावी. डाव्या हाताखाली चालण्याच्या कळा, त्यांत बाजूला सरकण्याच्या दोन कळा अवश्य, आणि माउसने वळणे, अशी मांडणी लावावी. ‘नेहमी धावणे’ ही सोयही चालू करावी. डूम हा चालत खेळण्याचा खेळ नाही. वर-खाली नेम धरायची गरजच नाही, कारण राक्षस समोरच्या उभ्या रेषेत असला की गोळी आपोआप त्याच्या उंचीवर जाते.

तिसरी गोष्ट संगीताची, आणि माझ्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित आहे. बॉबी प्रिन्स या संगीतकाराने दिलेले संगीत वॅडमध्ये ध्वनिमुद्रणाच्या रूपात नाही, तर स्वरलिपीच्या रूपात साठवलेले आहे. ते कसे ऐकू येईल हे वाजवणाऱ्या वाद्यावर अवलंबून असते. त्या काळी बहुतेकांच्या साउंड कार्डावर यामाहाची ओपीएल चिप असे आणि तिचा तो धातूसारखा, किंचित कर्कश आवाज हाच अनेकांच्या आठवणीतला डूम आहे. पोर्टच्या सेटिंगमध्ये ओपीएल निवडले की तो ऐकू येतो. ज्यांना भरदार आवाज हवा त्यांनी साउंडफाँट नावाची, खऱ्या वाद्यांचे नमुने असलेली फाइल उतरवून फ्लुइडसिंथ हा पर्याय निवडावा. दोन्ही प्रकारे पहिल्या नकाशाचे संगीत एकदा ऐकून पाहावे आणि मगच ठरवावे.

पहिला तास

खेळ सुरू करताना पाच काठिण्यपातळ्या विचारल्या जातात. तिसरी, म्हणजे ‘हर्ट मी प्लेंटी’, निवडावी. चौथी सवय झाल्यावर घ्यावी, आणि पाचव्या पातळीवर मेलेले राक्षस पुन्हा उठतात म्हणून तिकडे सध्या वळू नये.

पहिला नकाशा, ‘हँगर’, इड सॉफ्टवेअरमधल्या जॉन रोमेरो याने रचला आहे, आणि तो नुसता पार करून पुढे जाऊ नये. पहिल्याच खोलीच्या खिडक्यांतून बाहेरचे अंगण दिसते आणि त्या अंगणात निळे चिलखत ठेवलेले दिसते; पण तेथे जायचा दरवाजा कुठेच नाही. नवख्या खेळाडूला एक शब्दही न सांगता हा नकाशा शिकवतो की दिसते ते मिळवता येते, फक्त वाट शोधावी लागेल. ती वाट नकाशाच्या पुढच्या भागातील एका गुप्त मार्गाने निघते. भिंतीचे चित्र शेजारच्या भिंतीशी जुळत नसेल, एखादा कोपरा अकारण उजळ असेल, तर तेथे वापरण्याची कळ दाबून पाहावी.

लढताना थांबू नये. इम्प या राक्षसाने फेकलेली आग दिसल्यावरही बाजूला सरकून सहज चुकवता येते. बंदूकधारी सैनिकांची गोळी मात्र चुकवता येत नाही, म्हणून खोलीत शिरल्यावर आधी त्यांना टिपावे. एका राक्षसाची आग चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागली तर ते दोघे आपसांत भिडतात, आणि मोठ्या गर्दीत हीच आपली खरी दारूगोळ्याची बचत असते. पुढे-मागे आणि बाजूला अशा दोन्ही कळा एकदम दाबून धावल्यास तिरका वेग सरळ वेगापेक्षा जास्त मिळतो. काही नकाशांतील रुंद खंदक या युक्तीशिवाय ओलांडता येत नाहीत.

आपला खेळ नोंदवूनही ठेवता येतो. डूम चित्रफीत नोंदवत नाही, फक्त दाबलेल्या कळा नोंदवतो: एका टप्प्याला चार बाइट, सेकंदाला ३५ टप्पे, म्हणजे सेकंदाला १४० बाइट. पूर्ण मिनिटाचा खेळ साडेआठ हजार बाइटांहून कमी जागेत मावतो. या नोंदी, ज्यांना डेमो म्हणतात, चॉकलेट डूमवर आजही जशाच्या तशा उलगडतात. १९९४ साली कोणी डॉसवर केलेली धाव आज आपल्या पडद्यावर पावलापावलाने पुन्हा घडताना पाहता येते.

इतरांचे नकाशे

आयडीगेम्स या इंटरनेटवरील संग्रहात १९९४ पासूनचे हजारो नकाशे आहेत. प्रत्येक झिपमध्ये वॅडबरोबर एक मजकूर फाइल असते आणि खेळण्याआधी ती वाचावीच: कोणती मूळ वॅड हवी, कोणत्या पोर्टवर चाचणी केली, उडी मारण्यास परवानगी आहे की नाही, हे सारे तेथे लिहिलेले असते. दर नकाशा नुसत्या पिस्तुलाने सुरू करता येईल असा रचलेला असेल तर तेही त्यात सांगितलेले असते, आणि तसे खेळण्यात नकाशाकर्त्याचा हेतू अधिक स्पष्ट कळतो.

सुरुवातीला एरिक आल्म याचे २००३ मधील ‘सायथ’ घ्यावे. त्यातले पहिले नकाशे पाच-दहा मिनिटांचे आहेत, शेवटचे मात्र चांगलेच दमवतात. २०१४ च्या ‘गोइंग डाउन’मध्ये एका उंच इमारतीच्या गच्चीवरून एकेक मजला खाली उतरत जायचे असते, आणि इतक्या लहान जागांत इतकी कल्पकता मी दुसरीकडे पाहिलेली नाही. जॉन रोमेरोने स्वतः परत येऊन २०१९ मध्ये ‘सिजिल’ हा पाचवा भाग दिला, आणि खेळाच्या तिसाव्या वाढदिवशी, १० डिसेंबर २०२३ रोजी, ‘सिजिल २’. २०१८ चे ‘इव्हिटर्निटी’ पाहिले की जुन्या इंजिनात किती देखणी वास्तू उभी राहू शकते ते कळते. आणि २०२३ चे ‘मायहाउस’ हे जीझेडडूमवरच खेळावे, त्याविषयी आधी काही वाचू नये. एका साध्या घराचा नकाशा म्हणून ते सुरू होते, एवढेच सांगतो.

स्वतःचा नकाशा: माझा वाड्याचा प्रयोग

नकाशा बनवण्यासाठी विंडोजवर अल्टिमेट डूम बिल्डर हे मोफत साधन घ्यावे. लिनक्स किंवा मॅकवर युरेका आहे. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. कागदावर घराचा आराखडा काढता येत असेल तर डूमचा नकाशा काढता येतो, कारण नकाशा म्हणजे वरून पाहिलेला आराखडाच: बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या रेघा आणि रेघांनी वेढलेली क्षेत्रे. प्रत्येक क्षेत्राला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेडाचा ० ते २५५ मधला आकडा द्यायचा.

मी पहिला पूर्ण नकाशा आमच्या कोकणातल्या जुन्या वाड्याचा केला. आधी चौक आखला, सभोवती पडवी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर. चौकाच्या छताला आकाशाचे चित्र दिले आणि उजेड १९२ ठेवला, माजघराला ११२ दिला. एवढ्या दोन आकड्यांनी दुपारचा वाडा उभा राहिला. जोत्याची उंची ठरवताना मोजमाप लक्षात ठेवावे लागते: नायक ५६ एकक उंच आणि ३२ एकक रुंद असतो आणि एका पावलात जास्तीत जास्त २४ एकक चढू शकतो. माझे जोते ३२ एककांचे झाले होते, म्हणून १६-१६ च्या दोन पायऱ्या घालाव्या लागल्या. राक्षसांनाही जागा लागते. इम्प ४० एकक रुंद, पिंकी ६०, मॅन्क्युबस ९६. अरुंद बोळात मॅन्क्युबस ठेवला की तो भिंतीत रुतून बसतो.

दरवाजा एकदा तरी हाताने करावा, साधनातील तयार बटणाने नव्हे. दोन खोल्यांमधल्या भिंतीत १२८ एकक रुंद आणि १६ एकक जाड असे एक क्षेत्र आखावे आणि त्याचे छत जमिनीला टेकवावे. बंद दरवाजा म्हणजे एवढेच: जमिनीला टेकलेले छत, जे कळ दाबल्यावर वर जाते. खोल्यांकडे तोंड असलेल्या दोन रेघांना वरच्या भागात ‘बिगडोअर२’ हे चित्र लावावे आणि क्रिया क्रमांक १ द्यावा. रेघेच्या मध्यावर एक बारीक काडी दिसते, ती रेघेची पुढची बाजू दाखवते आणि ती खोलीकडे असायलाच हवी, कारण क्रिया रेघेच्या मागच्या क्षेत्रावर घडते आणि नायक रेघ पुढूनच वापरू शकतो. माझ्या दिंडी दरवाजाच्या दोन्ही काड्या आतल्या बाजूला होत्या, आणि दार का उघडत नाही हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. रेघ निवडून ‘एफ’ ही कळ दाबली की काडी उलटते. उरलेल्या दोन बाजूंच्या रेघा म्हणजे चौकट. त्यांना ‘डोअरट्रॅक’ हे चित्र आणि ‘लोअर अनपेग्ड’ ही खूण द्यावी, नाहीतर दाराबरोबर चौकटही वर सरकताना दिसते.

माडीपाशी मात्र मी अडलो. डूमच्या नकाशात कोणत्याही जागी एकच जमीन आणि एकच छत असते, त्यामुळे एका खोलीवर दुसरी खोली येऊ शकत नाही. जीझेडडूमच्या सोयी वापरल्या तर माडी चढवता येते, पण मला नकाशा मूळ नियमांत बसवायचा होता. शेवटी जिना पडवीच्या बाहेर काढून माडी परसाच्या बाजूला उंच जमिनीवर वसवली, आणि खेळताना, जिन्याला एक वळण दिल्यामुळे, आपण पडवीच्याच वर आलो आहोत असे वाटते. मूळ नकाशे पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की त्यातही अशी वळणे जागोजाग आहेत.

आवाजाचाही विचार करावा. गोळी झाडली की तिचा आवाज मोकळ्या जागांतून सलग क्षेत्रांत पसरतो आणि ऐकणारे सारे राक्षस जागे होतात. चौकातल्या एका गोळीने माझे स्वयंपाकघरातले सगळे इम्प बाहेर धावत येत. त्यासाठी रेघांना ‘आवाज अडवा’ ही खूण देता येते. पण आवाज अशी पहिली रेघ ओलांडतो आणि दुसरीवर थांबतो, म्हणून अशा दोन रेघा लागतात. नायकाची आरंभाची जागा ठेवायला विसरू नये, तिच्याशिवाय नकाशा सुरूच होत नाही. दर दहा मिनिटांनी ‘एफ९’ दाबून नकाशा खेळून पाहावा.

क्वेक, ड्यूक आणि नवे खेळ

हीच रीत इतर जुन्या खेळांना लागू पडते. १९९६ च्या ‘क्वेक’चा कोड १९९९ मध्ये मुक्त झाला; त्याच्या पॅक फाइली, म्हणजे क्वेकच्या वॅडी, आयर्नवेल या पोर्टजवळ ठेवल्या की झाले, आणि नकाशांसाठी ट्रेंचब्रूम आहे. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’साठी ईड्यूक३२ घ्यावे. त्याच्या केन सिल्व्हरमनकृत बिल्ड इंजिनावर २०१९ मध्ये ‘आयन फ्युरी’ हा संपूर्ण नवा खेळ निघाला. २०१८ चा ‘डस्क’ क्वेकच्या वळणाचा आहे आणि ज्यांना नवेच काही हवे त्यांनी तेथून आरंभ करावा. हे सर्व खेळ रक्तपाताचे आहेत, तेव्हा लहान मुलांच्या हाती देताना मोठ्यांनी आधी स्वतः खेळून पाहावे.

नकाशा प्रसिद्ध करताना

तयार नकाशा निदान दोन जणांकडून खेळवून घ्यावा आणि त्यांच्याकडून डेमो मागवावा; माणूस कुठे अडतो, कुठे गोळ्या संपतात हे त्याच्या सांगण्यापेक्षा डेमोत स्वच्छ दिसते. माझ्या वाड्यातली विहीर दोघांनाही दिसली नव्हती आणि किल्ली नेमकी तिच्या काठावर होती, म्हणून मी तेथे एक दिवा ठेवला. मग वॅडला जास्तीत जास्त आठ अक्षरांचे नाव द्यावे, त्याच नावाची मजकूर फाइल लिहावी आणि दोन्ही एका झिपमध्ये घालून संग्रहाकडे पाठवावे. मजकूर फाइलच्या ठरलेल्या नमुन्यात शेवटाकडे एक प्रश्न असतो: या नकाशात बदल करून इतरांनी तो वापरावा की वापरू नये. त्याचे उत्तर विचार करून द्यावे, कारण ते नंतर कोणी विचारायला येत नाही. मी ‘वापरावा’ असे लिहिले आहे, आणि माडी पडवीच्या बरोबर वर बसवण्याचे काम जीझेडडूम जाणणाऱ्या कोणाला करावेसे वाटले तर त्यासाठी मोजमापेही फाइलमध्ये दिली आहेत.